मेल गेला कुठी? : सर्व्हरच्या दाराचा इतिहास

गेले तीन-चार वीकेंड काहीच लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही, पण डोक्यात एकच प्रश्न अडकून बसला होता, आणि तो विचारला होता माझ्या मामाने.

मामा मेहकर तालुक्यातला. (पुणेकरांसाठी टीप: बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मेहकर, चिखली घाटावर. खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा हे विचारतात :-)) गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक छोटी उत्पादक कंपनी काढली आहे. सगळ्यांचं सोयाबीन गोळा करायचं, चाळून-वाळवून एकदम विकायचं. मामा त्यात संचालक आणि भाचा हिंजवडीत आयटीवाला. तेव्हा कंपनीचं डोमेन आणि मेल सर्व्हर कोण उभा करणार, हा प्रश्नच नव्हता. मीही हौसेने केलं. एक स्वस्तातला व्हीपीएस घेतला, पोस्टफिक्स टाकलं, स्पॅम अडवायला अमाव्हिस आणि स्पॅमॲसॅसिन जोडलं. पहिल्याच आठवड्यात लॉटरी आणि गोळ्यांचे मेल येणं बंद झालं. कॉलर ताठ!

मग एका रात्री मामाचा फोन. एका खरेदीदाराने मेल पाठवला होता. अमुक इतका माल अमुक भावाने उचलतो, चार दिवसांत कळवा. यांच्याकडून उत्तरच गेलं नाही, म्हणून त्याने दुसरीकडून माल घेतला. यांनी नंतर क्विंटलमागे शे-दीडशे रुपये कमी घेऊन विकला. मी सर्व्हर बघितला आणि म्हणालो, मामा, असा मेल आलेलाच नाही.

मामा म्हणाला, "तो म्हणते म्या पाठवला, तू म्हणतं आलाच नाही. मंग गेला कुठी?"

रात्री दोनला लॉगमध्ये ती ओळ सापडली. खरेदीदाराच्या सर्व्हरने दार वाजवलं होतं, माझ्या पोस्टफिक्सने मेल आत घेतला होता, त्याला २५० म्हणजे 'मिळाला, ठीक आहे' असं उत्तरही दिलं होतं. त्यानंतर अमाव्हिसने तो तपासला आणि शेरा मारला: २५० ओके, डिस्कार्डेड. म्हणजे समोरच्याला सांगितलं पोचला आणि इकडे गुपचूप उकिरड्यावर टाकला. ना मामाला कळलं, ना पाठवणाऱ्याला, ना मला.

आता प्रश्न असा, की हे असं करता येतंच कसं? कुणाच्या डोक्यातून आलं हे? ते शोधायला बसलो आणि तीन वीकेंड गेले. तेच आज लिहितोय.

सुरुवात ईमेलच्या बरीच आधीपासून करावी लागेल, म्हणजे टपालापासून. १ ऑक्टोबर १८५४ ला हिंदुस्थानात नवा टपाल कायदा लागू झाला आणि सगळ्या देशासाठी एकच तिकीट आलं. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते जवळ जावो की लांब. (वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला १८५३ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी.) त्याआधी अंतरानुसार पैसे पडायचे आणि ते पाठवणाऱ्याने भरले नसतील तर घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे. तिकीट आल्यावरही बिनतिकिटाचं पत्र टाकता यायचंच. तेच आपलं बैरंग पत्र, कुणी त्याला 'नॉटपेड' म्हणायचे. पोस्टमन दारात येणार, दुप्पट पैसे मागणार. घ्यायचं तर पैसे मोजा, नाहीतर 'नको' म्हणा. नको म्हटलं की पत्र परत फिरायचं. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर नसेल तर ते टपाल खात्याच्या रिटर्न्ड लेटर ऑफिसात जायचं. तिथे पत्र उघडून पत्ता शोधायचे आणि शक्य असेल तर परत पाठवायचे.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, घेणाऱ्याला दारातच नकार द्यायचा हक्क होता. दोन, नाकारलेलं पत्र मध्येच गायब करायचं नाही, ते ज्याचं त्याला परत द्यायचं, यासाठी एक अख्खं ऑफिस होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता थेट अमेरिकेत, नोव्हेंबर १९७५. अर्पानेट म्हणजे इंटरनेटचा आजोबा, तेव्हा काही मोजक्या विद्यापीठांत आणि लष्करी संस्थांत पसरलेला. जॉन पोस्टेल नावाच्या माणसाने एक छोटंसं टिपण काढलं, आरएफसी ७०६. विषय: जंक मेलचा प्रश्न. त्याचं म्हणणं साधं होतं. आलेला संदेश निवडून नाकारायची सोयच यजमान संगणकाला नाही. तो प्रत्येक संदेश घेतो, मग ठरवतो कामाचा की बिनकामाचा. एखाद्या बिघडलेल्या किंवा खोडसाळ मशीनने भडिमार केला तर बाकीची कामं बंद पडतील. म्हणजे नकार द्यायची सोय हवी. टपाल खात्याला जे माहीत होतं ते नेटवर्कवाल्यांना तेव्हा लक्षात आलं, आणि लक्षात आलं तरी लगेच कुणी काही केलं नाही. (आपल्याकडच्या स्प्रिंट प्लॅनिंगसारखंच. महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी घेऊ.)

अडीच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क याने नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवलं. लोक चिडले, पण काही जणांनी संगणक घेतलेही म्हणे. हा पहिला स्पॅम मानतात. इथे बैरंग पत्राचा हिशोब बरोबर उलटा झाला होता. पाठवणाऱ्याला ४०० जणांना पाठवायला जवळपास एकालाच पाठवण्याइतका खर्च, आणि साठवायचा, वाचायचा, पुसायचा भार घेणाऱ्यावर. वर दारात 'नको' म्हणायची सोय नाही ती नाहीच.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेलनेच एसएमटीपी लिहिलं, आरएफसी ८२१. आजही जगातला प्रत्येक मेल सर्व्हर मुळात हीच भाषा बोलतो. संवाद अगदी गप्पांसारखा आहे. नमस्कार, मी अमुक, अमक्याकडून पत्र आहे, तमक्यासाठी आहे, हा घ्या मजकूर. प्रत्येक वाक्याला समोरचा आकड्यात उत्तर देतो. २ ने सुरू झालं तर ठीक. ४ ने सुरू झालं तर आत्ता नाही, नंतर या. ५ ने सुरू झालं तर नाही म्हणजे नाही. म्हणजे दारातला नकार या भाषेत पहिल्यापासून होता! संवादातल्या प्रत्येक पायरीवर सर्व्हर ५५० म्हणू शकतो, आणि तसं म्हटलं की पाठवणाऱ्याचा सर्व्हर आपल्या माणसाला कळवतो: बाबा, तुझं पत्र घेतलं नाही, कारण हे हे. झालं, रिटर्न्ड लेटर ऑफिस!

ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये तर हे जवळपास दरडावून सांगितलंय. मजकूर संपल्यावर तुम्ही २५० म्हणालात, की मेल पोचवायची जबाबदारी तुमची. फालतू कारणाने तो हरवायचा नाही.

फालतू कारणाने हरवायचा नाही. रात्री दोन वाजता लॉगसमोर बसून हे वाचताना कसं वाटलं असेल, कल्पना करा.

त्याच १९८९ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत जुहूला एनसीएसटी नावाची संस्था होती (२००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत, आणि सोबत पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि एनसीएसटी. सुरुवात मुंबईतच, एनसीएसटी आणि आयआयटी पवई यांच्यात साध्या टेलिफोनवरून डायल करून मेलची देवाणघेवाण. १९८९ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेटपर्यंत भाड्याची लाईन आली. वेग ९.६ केबीपीएस. आज व्हॉट्सॲपवर आलेला एक 'शुभ सकाळ'चा फोटो उतरवायला त्या लाईनला दोन-तीन मिनिटं लागली असती, आणि त्यावर देशभरातल्या संशोधकांचा परदेशी पत्रव्यवहार चालायचा. त्याच वर्षी आपलं डॉट इनही नोंदवलं गेलं.

त्या काळात जगभरातल्या सर्व्हरांचा धर्म एकच होता: आलेलं पत्र घ्या आणि पुढे द्या. मग ते तुमच्या माणसाचं असो वा नसो. याला ओपन रिले म्हणतात. आज शिवीसारखा शब्द आहे, तेव्हा तो शेजारधर्म होता. बरेच संगणक दिवसातून एक-दोनदाच फोन लावून जोडले जायचे. दुसऱ्याचं पत्र आपल्याकडे ठेवून घेतलं नाही तर ते पोचणारच नाही. घाटावरच्या एखाद्या वाडीतल्या माणसाची चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे द्यावी आणि त्याने ती स्टँडवरच्या पानटपरीवर ठेवावी, तसा प्रकार. बर्कलेत एरिक ऑलमनने लिहिलेलं सेंडमेल तेव्हा सगळीकडे चालायचं आणि तेही न विचारता रिले करायचं.

मग बाजार आला. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डची जाहिरात हजारो यूजनेट गटांत एकदम टाकली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. बुलढाण्यातून जोडायचं म्हटलं तर तेव्हा मुंबईला एसटीडी. म्हणजे फोनचं मीटर पळतंय आणि उतरतोय काय, तर परदेशातल्या कुणाच्या तरी मालाची जाहिरात. बैरंग पत्राला निदान 'नको' म्हणता यायचं. इथे पैसे आधी, पत्र नंतर.

जाहिरातवाल्यांना ओपन रिले म्हणजे कुरण सापडलं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर एक मेल टाकायचा, त्याला लाखभर पत्ते जोडायचे, मेहनत त्याची आणि बदनामीही त्याचीच. यावर पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी १९९७ मध्ये मॅप्स नावाने काळी यादी काढली, रिअलटाईम ब्लॅकहोल लिस्ट. युक्ती झकास होती. दारात आलेल्याचा आयपी पत्ता उलटा लिहून डीएनएसला विचारायचा. उत्तर आलं तर तो यादीत आहे, लावा दार. एकही अक्षर आत न घेता नकार! १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्डने स्पॅमहाऊस सुरू केलं. त्याच वर्षी सेंडमेल ८.९ आलं आणि त्यात रिले मुळातच बंद होता, हवा तर मुद्दाम उघडा. वर्षाच्या शेवटी वीत्से वेनेमा याचं पोस्टफिक्स आलं. त्यातला 'आपल्या डोमेनसाठी नसलेलं पत्र नाकारा' हा नियम आज प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये असतो. शेजारधर्माचं युग संपलं ते हेच १९९८ साल, असं म्हणायला हरकत नाही.

याला किंमत होती. काळी यादी अनेकदा एका माणसाची नसते, आख्ख्या गल्लीची असते. डायल-अप ग्राहकांचे पत्ते सरसकट नाकारणाऱ्या याद्याही निघाल्या. घरच्या मशीनवरून स्वतःचा सर्व्हर चालवणारा एखादा हौशी पोरगा काही न करता गुन्हेगार ठरला. तरी निदान त्याला कळत होतं! ५५४, तुझा पत्ता यादीत आहे, इथे जाऊन बघ. चरफडत का होईना, तो दाद मागू शकत होता.

मग गोष्ट पत्त्यावरून मजकुरावर गेली. २००१ मध्ये जस्टिन मेसनचं स्पॅमॲसॅसिन आलं. ते मेल वाचतं आणि गुण देतं, परीक्षेसारखे, फक्त इथे जास्त गुण मिळाले की नापास. मुळात ५ गुणांना स्पॅम. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहमने लेख लिहून सांगितलं, की शब्दांच्या संभाव्यतेवरून यंत्रालाच स्पॅम ओळखायला शिकवा. २००३ मध्ये इव्हान हॅरिसने ग्रेलिस्टिंग आणलं. अनोळखी माणूस आला की ४ ने सुरू होणारं उत्तर द्यायचं, 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या'. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाल्याला तेवढा धीर नसतो. तहसीलमध्ये 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या' ऐकलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही. खरी गरज असलेला उद्याही येतो :-)

मजकूर तपासण्यात मात्र एक गोची आहे. तपासायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण मेल आधी आत घेतात, २५० म्हणतात आणि मग सावकाश तपासतात. आता तपासून वाईट निघाला तर? परत पाठवायचा तर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो. मग ते 'परत आलेलं पत्र' भलत्याच निरपराध माणसाच्या दारात पडतं. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि २००० च्या दशकात याने लोकांना जेरीस आणलं होतं. म्हणून मग सोपा मार्ग निघाला. परत पाठवू नका, काही बोलू नका, टाकून द्या. डिस्कार्ड.

रिटर्न्ड लेटर ऑफिस बंद झालं ते असं. कुणा दुष्ट माणसाने केलं नाही, एक त्रास वाचवायला गेलो आणि दुसरा गळ्यात आला. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही हा पेच मान्य केलाय. पण तिथेही सूर असाच, की मेल लबाडीचा आहे याची पक्की खात्री असेल तरच मुकाट्याने टाका.

आता माझी पक्की खात्री कशावर उभी होती ते ऐका. मामाच्या खरेदीदाराचा मेल मी राखून ठेवलेला नव्हता, पण लॉगमध्ये गुणपत्रिका होती. सगळ्यात मोठा आकडा २.८, आणि त्यापुढे नियमाचं नाव: नको असलेल्या भाषेतला मजकूर.

नको असलेली भाषा म्हणजे मराठी.

स्पॅमॲसॅसिनमध्ये भाषा ओळखणारं एक प्लगइन आहे, टेक्स्टकॅट. त्याला मराठी ओळखता येते, हिंदीही येते. तुम्हाला कोणत्या भाषांतले मेल चालतात ते सेटिंगमध्ये लिहायचं. मी ज्या ट्यूटोरियलवरून कॉपी-पेस्ट केलं, ते बहुतेक अशा कुणाचं असावं ज्याला फक्त इंग्रजी मेल येतात. त्यात लिहिलं होतं: चालणारी भाषा, इंग्रजी. मी ती ओळख न वाचता चिकटवली. मेहकर तालुक्यातल्या सोयाबीनवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर! वर शहाणपणा करून टाकून द्यायची मर्यादा ५ वर आणली होती. उरलेले गुण बारीकसारीक गोष्टींचे. त्याच्या सर्व्हरला रिव्हर्स डीएनएस नव्हतं वगैरे. आणि असा पहिला मेल तोच नव्हता. मागचे लॉग चाळले तर मराठीतले आणखी अकरा मेल तसेच गेलेले. त्यातला एक तर कंपनीच्याच एका सभासदाचा, मजकूर काय होता ते आता कधीच कळणार नाही.

ऑफिसमध्ये एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, एवढं कशाला, मोठ्या कंपनीकडे मेल टाक आणि मोकळा हो. चुकीचं नाही ते. आज बहुतेकांचं दार तीच मंडळी राखतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. छोट्यांनाही निदान एक सही आणि नीट डीएनएस हवंच. नियम चांगले आहेत, मीही ते पाळले. पण तिथेही पत्र स्पॅमच्या फोल्डरात गेलं तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. दार मोठं झालं, एवढंच.

मी काय बदललं ते सांगतो, म्हणजे कुणाला तरी उपयोग होईल. तपासणी आता मिल्टरमधून, म्हणजे समोरचा अजून दारात उभा असतानाच होते. (पोस्टफिक्समध्ये ही सोय २.३ पासून, म्हणजे २००६ पासून आहे. मला ती आत्ता कळली!) गुण फार जास्त असतील तर तिथेच ५५० आणि कारण. पाठवणारा खरा माणूस असेल तर त्याला कळतं आणि तो फोन करतो. मधले गुण असतील तर मेल जंक फोल्डरात, टाकायचा नाही. डिस्कार्ड हा शब्द सेटिंगमधून पूर्ण काढला. भाषांच्या यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिल्या. आणि मामाच्या कंपनीत दर सोमवारी जंक फोल्डर उघडून बघायचं काम एका मुलीला दिलंय. ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि परवा तिने त्यातून बियाण्याची एक चौकशी शोधून काढली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामाला सगळं सांगितलं. बैरंग पत्राचं ऐकून तो हसला. म्हणाला, आमच्या बापाकडे एकदा बैरंग पत्र आलं होतं, त्यांनी पैसे नव्हते म्हणून परत लावलं, पण कुणाचं ते पोस्टमनला विचारून घेतलं आणि मग चार दिवसांनी स्वतः चालत त्या गावाला गेले.

क्विंटलमागच्या शे-दीडशे रुपयांचा विषय मी काढला. मामा म्हणाला, जाऊ दे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्या खरेदीदाराचा नंबर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, त्याले तू फोन लाव. म्हणावं, तुमचा मेल आला होता, आमच्याकडूनच गेला.

लावला. फार अवघड गेलं, पण लावला. या हंगामात तो पुन्हा मेल पाठवणार आहे. मराठीतच.

असो. लांबलं जरा.